वाडीवर पाव्हणं येणार असतील तर

"या की, कधी पण या." हे वाक्य आम्हा कोल्हापूरकरांच्या तोंडात बसलेलं आहे. घरच्या पाहुण्याला ते शोभतंही. पण आमची वाडी म्हणजे गगनबावडा रस्त्यावर कळे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला पाच घरांनी मिळून कसलेली नऊ एकर जमीन. होईल तेवढं इथंच पिकवायचं, बाहेरून कमीत कमी आणायचं, असं ठरवून आम्ही राहतो. अशा ठिकाणी "कधी पण या" म्हणून भागत नाही. गेली अकरा वर्षं इथं येणाऱ्या पाहुण्यांचं आणि स्वयंसेवकांचं मी बघते. तुमच्यातले काहीजण अशीच वाडी उभी करताय, माणसं बोलवायच्या विचारात आहात, म्हणून जे हाताला लागलं ते लिहिते.

पहिल्या वर्षी पुण्याचा एक मुलगा आला होता. महिनाभर राहणार होता. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर सॅक भरून अंगणात उभा. म्हणाला, "काकू, इथं माझं काहीच काम नाही." मी विचार करत बसले. तीन दिवसांत पाचही घरांनी मिळून त्याला पंधरा वेळा तरी "जेवलास का?" विचारलं असेल. "काय करशील?" हे एकानंही विचारलं नव्हतं. आम्ही त्याला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, आणि तिथून पन्नास पावलांवर आमच्या बायका वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटत होत्या. पुढच्या वर्षी आम्ही उलटं केलं. दोन मुली आल्या, त्यांना दुसऱ्याच दिवशी भांगलायला, म्हणजे तण काढायला, नेलं, सहा तास. संध्याकाळी त्यांच्या तळहातावरचे फोड बघून आक्का गप्प झाली. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, वाडीतलं सगळ्यात जाणतं माणूस. रात्री ती एवढंच म्हणाली, "पाव्हणा न्हाई, गडी न्हाई. पैऱ्याचं माणूस समजा की."

मग आमचं सगळं त्या एका शब्दावर बसलं. पैरा म्हणजे आज मी तुमच्या रानात, उद्या तुम्ही माझ्या रानात. पैसा नाही, पण हिशोब चोख. पैरा फेडला नाही तर पुढच्या लावणीला बांधावर कोण येत नाही. स्वयंसेवक आपल्याला चार तास देतो, तर त्याचे चार तास आपण कशानं फेडणार? जेवण-झोपण हे फेडणं नव्हे, ते कुणालाही मिळतं. त्यानं इथून एक तरी काम हातात घेऊन जावं: भाताची लावण, शेणामातीची भिंत, गुऱ्हाळावर पाक ओळखणं, बी राखणं. काय शिकायचं ते त्यानं आधी सांगायचं, कोण शिकवणार ते आपण आधी ठरवायचं. एवढं जमलं की पुढचं सगळं सोपं जातं.

किती जणांना बोलवायचं हे खाटा मोजून ठरवू नका. आमच्या पाहुण्यांच्या स्वयंपाकघराला दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. त्याला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे पाचेक जनावरांचं शेण. त्यावर चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा चूल पेटवावी लागते. म्हणून एका वेळी चारच माणसं. एका शिबिराला हौसेनं बाराजणांना हो म्हटलं, तर तीन दिवस आक्का आणि मी चुलीपुढून उठलो नाही. आलेल्यांनी "किती छान जेवण" म्हटलं, पण आमच्याशी बसून बोलायला त्यांना आम्ही मिळालोच नाही.

फोनवर काय बोलायचं

होकार देण्याआधी एक मोठा फोन. मी स्वतः करते, मेसेजवर भागवत नाही. आधी अडचणीचं सांगते: संडास बाहेर आहे आणि पाणी बेतानं वापरायचं आहे. झोपायला लाकडी खाट आणि गोधडी. मोबाईलला रेंज टाकीच्या चढावर मिळते. पावसाळ्यात सोलर आठ-आठ दिवस नीट भरत नाही, तेव्हा फोन दिवसातून एकदाच चार्ज होईल. काम चार तास, सकाळी. जेवण साधं असतं. कोल्हापूर म्हटलं की माणसं तांबडा-पांढरा डोळ्यांपुढे ठेवून येतात. इथं भात, नाचणीची भाकरी, रानातली भाजी, ताक, आणि खर्डा वेगळा वाटीत. नव्या पोटाला कांदा-लसूण मसाला लगेच सोसत नाही, म्हणून पहिले दोन दिवस भाजी हात राखून करायची.

मग त्यांना विचारायचं. चालू औषधं कोणती, दमा आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. हे नंबर मोबाईलमध्ये ठेवू नका, वहीत लिहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आमच्याकडे दोन मुलं होती. रस्त्यावर पाणी, वीज गेलेली, टॉवर बंद. वाडी उंचावर असल्यानं आम्हाला धोका नव्हता, पोत्यात तांदूळ होता. पण त्यांच्या आयांना ते कसं कळणार? नंबर मुलांच्या फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली. चौथ्या दिवशी वरच्या गावात एका घरी फोन चालू आहे असं कळलं. मुलांना घेऊन मी चिखलातनं चालत गेले. एकाला आईचा नंबर पाठ नव्हता. त्याचं तोंड मला अजून आठवतं. तेव्हापासून पडवीत एक लाल वही टांगलेली असते आणि आल्या दिवशी पहिलं काम तेच.

महिना कोणता

नव्या माणसाला पहिल्यांदा बोलवायचं तर सुगीत बोलवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापणी, मळणी असते, हवा चांगली असते, केलेल्या कामाची रास डोळ्यांपुढे उभी राहते. त्यानंतर मार्चपर्यंत गुऱ्हाळं. एप्रिल-मे मध्ये मातीचं बांधकाम, ताली दुरुस्त करणं, विहिरीतला गाळ काढणं. जुलैची लावण सगळ्यांना बघायची असते, पण ती मी दुसऱ्यांदा येणाऱ्यासाठी राखून ठेवते. गगनबावड्याकडचा पाऊस अंगावर घेण्याची सवय लागते. इरलं डोक्यावर घेऊन चार तास वाकणं सोपं नाही, आणि पायाला जळवा लागतात त्या वेगळ्याच.

पावसाळ्यात आमचा एक नियम पक्का आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. जिल्ह्यात सगळ्यांचं लक्ष या दोन आकड्यांवर असतं. ३९ झालं की नवा पाहुणा पुढं ढकलायचा, आणि ज्याला परतायचं आहे त्याला त्याच दिवशी काढून द्यायचं. कुंभी नदीचं पाणी गगनबावडा रस्त्यावर यायला वेळ लागत नाही, मग इकडचं माणूस इकडं आणि तिकडचं तिकडं.

दिवस निवडताना सणही बघा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, तेव्हा एसटीत पाय ठेवायला जागा नसते. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल जुंपत नाहीत, नागपंचमीला आम्ही जमीन उकरत नाही, काही कापत नाही. त्या दिवशी आलेल्याला कामाला लावायचं नाही, सणात घ्यायचं. शिंगं रंगवायला द्या, गोठ्यात बसवा. गावाची ओळख त्या एका दिवसात जी होते ती महिनाभर भांगलून होत नाही.

रस्ता असा सांगायचा की वाटेत फोन करावा लागू नये. मुंबईहून येणारा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरतो. रिक्षानं रंकाळा स्टँड, तिथून गगनबावड्याकडची एसटी. कंडक्टरला फाट्याचं नाव सांगायचं. अंधार पडायच्या आत पोचेल अशी गाडी धरायला सांगा. फाट्यापासून आमच्यापर्यंत उसातनं वाट आहे आणि संध्याकाळनंतर गवे उतरतात. फाट्यावर वाडीतलं एक माणूस उभं असतंच, ऊन असो का पाऊस. ओळखीचं तोंड नसलं तरी कुणीतरी आपल्यासाठी उभं आहे हे बघून आलेल्याचा अर्धा शीण जातो.

आल्यावरचा पहिला तास

पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी. गूळ आपल्याच रानातल्या उसाचा असेल तर तो कुठल्या वाफ्यातला ते सांगा. मग चहा. लगेच शिवार दाखवायला नेऊ नका. आम्ही पूर्वी न्यायचो. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला सेंद्रिय शेतीवर अर्धा तास ऐकवायचो. त्याला पाहिजे असायचा संडास.

तोच आधी दाखवायचा, आणि लाजायचं नाही. आमचा दोन खड्ड्यांचा संडास आहे. एक खड्डा चालू, एक झाकलेला. भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद राहतो, मग आतलं सोनखत कोरडं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं निघतं. घाट उतरून खाली गेलं की कणकवली. तिथल्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करण्यावर आणि माणसानं माणसाचा मैला उचलू नये यावर आयुष्य घातलं, हे मी प्रत्येकाला सांगते. मग डबा हातात देऊन दाखवते: आधी भांड्यावर थोडं पाणी शिंपडायचं, नंतर दोन लिटरचा हा एक डबा, बास. फिनेल, अ‍ॅसिड काही ओतायचं नाही, आतले जंतू मेले तर खत होणार नाही. सॅनिटरी पॅड आत टाकायचं नाही. त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा कुठं आहे ते मुलींना मी किंवा आक्का एकटं गाठून सांगतो, चारचौघांत नाही. न्हाणीचं पाणी केळीला जातं, म्हणून साबण आमचा वापरायचा, केसांना शिकेकाई. स्वतःचं शाम्पू कुणी आणलं तर हिसकावून घेऊ नका. केळीचं आळं दाखवा. पाणी कुठं जातं हे डोळ्यांनी बघितलं की माणूस आपसूक बाटली पिशवीत ठेवतो.

रात्री झोपण्याआधी सापांचं बोलायचं. भीती घालायची नाही, पण टाळायचंही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार मुख्य विषारी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं दुखतही नाही. म्हणून आमच्याकडे पाहुणा खाली झोपत नाही. खाट भिंतीपासून हातभर दूर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. ती कशी खोचायची हे मी स्वतः करून दाखवते, कारण शहरातल्या मुलांना ती नुसती सोडून द्यायची सवय असते. रात्री उठलं तर बॅटरी आणि चप्पल. बूट घालताना झटकून. चावलंच तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिक नाही. हातपाय हलवू न देता गाडीत घालायचं. १०८ आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, आणि रात्री कुणाच्या घरची जीप काढायची तेही.

हातात काम देणं

आमच्याकडे म्हण आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आम्ही ती आमच्यापुरती बदलून घेतली आहे. पहिला दिवस आराम. दुसरा दिवस नुसतं एका माणसाच्या मागं फिरणं, वैरण टाकण्यापासून धारेपर्यंत. तिसऱ्या दिवशी काम.

काम देताना माणूस द्या, यादी देऊ नका. "आज वाफा नंबर तीन" असं सांगितलं की माणूस एकटा पडतो. लावणीला नवा मुलगा नेहमी आक्काच्या उजव्या हाताला उभा राहतो. ती बोलत फार नाही. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजव्या हाताच्या अंगठ्यानं तीन-चार काड्या सोडवायच्या, मुळाशी धरून चिखलात रोवायच्या, बोटाच्या दीड पेराच्या वर नाही. खोल गेली तर फुटवा कमी येतो. मग एक पाऊल मागं. लावण मागं सरत करायची, पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जातं. आणि आपल्याच पावलाच्या खड्ड्यात काडी रोवली तर ती तरंगते, म्हणून आधी तळहातानं चिखल ओढून खड्डा भरायचा. हे शेवटचं कुणालाच सांगून कळत नाही. गेल्या वर्षी एका मुलाच्या ओळीतल्या सात-आठ काड्या पाण्यावर आल्या. आक्कानं त्याचा हात धरला, त्याच्याच हातानं चिखल ओढला आणि म्हणाली, "हितं. दाब. आता सोड." नंतरची एक काडी तरंगली नाही.

पायाला चीर, जखम असेल तर त्याला चिखलात उतरवू नका, कितीही हट्ट केला तरी. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातनं होतो. परत गेल्यावर ताप आला तर डॉक्टरला "मी भाताच्या चिखलात काम केलं" हे सांगायचं, असं मी वहीतच लिहून सही घेते. त्यानं निदानाला वेळ जात नाही. विळा पहिल्या दिवशी कुणाच्या हातात देऊ नका. आधी कापलेल्याच्या पेंढ्या बांधू द्या.

आता एक अवघड गोष्ट. आमच्याकडे गावातल्या चार बायका मजुरीनं येतात. एका वर्षी भांगलणीला चार स्वयंसेवक मिळाले, म्हणून आम्ही त्यांना आठ दिवस "येऊ नका" म्हटलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं दोन महिने त्यातली एक आलीच नाही. घरी गेले तर म्हणाली, "तुमची पोरं हौसेनं करत्यात, आमच्या पोटावर आलं." तिचं खरं होतं. मजुरीचं काम मजुरीनंच करायचं हे तेव्हा ठरलं. स्वयंसेवक त्यांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला. लावणीत मुलांना शिकवलं की त्या बायकांना त्या दिवसाची मजुरी वाढवून देतो, कारण शिकवणं हेही काम आहे. तुम्ही वाडी उभी करत असाल तर हे पहिल्याच वर्षी ठरवा.

पंगत

जेवायला सगळे एका पंगतीत, मजुरीच्या बायका धरून. आडनाव विचारायचं नाही. गावाकडचं कुणी आलं की "कुठलं पाव्हणं म्हणायचं?" हा प्रश्न येतोच, आणि त्यात काय विचारलेलं असतं ते सगळ्यांना माहीत असतं. आमच्या वाडीनं त्याला एकच उत्तर ठरवलं आहे: "आमचं." कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्या हातचा चहा लोक पीत नव्हते, म्हणून राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेत. हे आम्हाला शाळेपासून ऐकवलेलं आहे. ते ऐकून पंगतीत जात विचारायची, हे मला सोसत नाही. एकदा आमच्याच एका शेजाऱ्यांनी पाहुण्या मुलीला तीन वेळा आडनाव विचारलं. तिसऱ्या वेळी आक्का वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तात्या, भाकरी घ्या, गरम हाय." विषय तिथं संपला. ती मुलगी नंतर दोनदा येऊन राहून गेली.

गाव आणि कागद

पाहुणा आला की पोलीस पाटलांना कळवा. कायद्याच्या धाकानं नव्हे, गावाचं माणूस म्हणून. गावाला माहीत नसलेली मुलं-मुली रानात फिरताना दिसली की बोलणी होतात. सांगून आलेल्यांना तेच गाव गुऱ्हाळावर बोलावून काकवी पाजतं.

परदेशी पाहुणा असेल तर तो आपल्याकडे उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती परकीय नागरिक नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरावी लागते. हॉटेल असो की घर, नियम तोच. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ठेवा. पर्यटक व्हिसावर आलेल्याबरोबर "राबा आणि राहा" असा सौदा आम्ही करत नाही. त्याच्याकडून राहण्या-जेवणाचे पैसे घेतो, आणि काम शिकण्यापुरतं.

आपल्याकडच्या स्वयंसेवकाकडून पहिल्या आठवड्याचा जेवणखर्च घ्या, पुढं घेऊ नका. ज्याला जमत नसेल त्यानं फोनवर सांगितलं की पुरे, पुन्हा विचारायचं नाही. पाहुणा म्हणून दोन दिवस बघायला येणाऱ्याकडून मात्र पूर्ण खर्च घ्यावा. तो संकोच सोडा.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुढचं माणूस येईल अशा तारखा आम्ही जुळवतो. एक दिवस दोघं एकत्र. आता नव्या माणसाला संडास, गॅस, मच्छरदाणी मी समजावत नाही, जाणारा समजावतो. गेल्या सुगीत नाशिकची एक मुलगी महिनाभर राहून निघाली होती. मी पडवीत तांदूळ निवडत होते. ती नव्या मुलाला घेऊन न्हाणीमागं गेली, केळीचं आळं दाखवलं, दोन लिटरचा डबा हातात दिला. मग खाटेशी नेऊन मच्छरदाणी खोचायला लावली. त्यानं एक बाजू सैल सोडली होती. "ही बाजू परत," ती म्हणाली, "काकू रात्री बघतात." मग तिनं लाल वही काढली आणि त्याला म्हणाली, "आईचा नंबर पाठ आहे का? म्हण बघू."